एन्झाइम बांधलं गेलंय की नुसतं चिकटलंय?

पीएचडीचा विषय ठरला तेव्हा कागदावर सगळं सरळ होतं. पॉलीॲनिलिन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचे नॅनोफायबर (अतिसूक्ष्म तंतू) करायचे, त्यांच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम बसवायचं, ग्लुकोज टाकलं की करंट वाढला पाहिजे, म्हणजे ग्लुकोजचा सेन्सर तयार. क्लार्क आणि लायन्स यांनी या एन्झाइमच्या सेन्सरची वाट 1962 मध्येच दाखवली होती, आणि 1986 मध्ये ते एन्झाइम पॉलीपायरोल या तशाच पॉलिमरमध्ये कोंडूनही झालं होतं.

फायबर करणं खरंच सोपं निघालं. ॲनिलिन आणि अमोनियम परसल्फेट आम्लात झटकन मिसळायचं, थोड्या वेळात गडद हिरवा रंग येतो. भानगड पुढे होती. पॉलीॲनिलिनला आम्ल लागतं. पीएच चारच्या वर गेला की त्याची वीज वाहून न्यायची ताकद घसरते आणि हिरवं निळं पडायला लागतं. एन्झाइमला मात्र साडेपाच ते सातच्या दरम्यानच करमतं. मग पॉलिमर बनवतानाच त्यात पॉलीॲक्रिलिक ॲसिड घातलं. त्यामुळे पॉलिमर सातच्या आसपासही काम करतो, शिवाय एन्झाइम बांधायला त्या ॲसिडचे कार्बॉक्सिल गट, म्हणजे रासायनिक बंध जोडता येणाऱ्या जागा, आयते मिळतात. अख्ख्या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. तो माझा नव्हे, लॅबमधल्या सीनिअर ताईचा.

बांधायला ईडीसी आणि एनएचएस ही जोडणी घडवणारी दोन रसायनं. ईडीसी कार्बॉक्सिलला जागं करतं, पण ती अवस्था पाण्यात फार टिकत नाही. एनएचएस तिला जरा स्थिर करतं, मग एन्झाइमवरचे अमाइन गट येऊन जोडले जातात. इथे ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारं एक द्रावण) चालत नाही, कारण त्याच्यातच अमाइन आहे आणि एन्झाइमची जागा तोच पटकावतो. ईडीसीची बाटली उणे 20 अंशांवरून काढली की लगेच उघडायची नाही. पावसाळ्यात तर बाहेरून तिला घाम सुटतो, आणि आत ओल गेली की पावडर वाया. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायची आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गप्प बसायचं. एन्झाइमचा थेंब इलेक्ट्रोडवर रात्रभर सुकू नये म्हणून पेट्री डिशमध्ये कडेने ओला फिल्टर पेपर लावून डिश फ्रीजमध्ये ठेवायचे.

सकाळी ग्लुकोज टाकलं, करंट मस्त वाढला. तेवढ्यावर पेढे वाटायला हरकत नव्हती. पण गाईडनी आधीच बजावलं होतं, एक इलेक्ट्रोड ईडीसीशिवाय करायचा, बाकी सगळं तेच. तोही जवळजवळ तेवढाच करंट देत होता! कारण उघड होतं. ग्लुकोज ऑक्सिडेजचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला एकूण भार शून्य असतो तो) 4.2 च्या आसपास, म्हणजे सातच्या पीएचला त्याच्यावर ऋण भार असतो. पॉलीॲनिलिनवर जिथे धन भार मोकळा असेल तिथे ते आपोआप जाऊन बसतं. मग दोन्ही इलेक्ट्रोड जास्त मीठ आणि थोडं ट्वीन-20 (साबणासारखं रसायन) घातलेल्या बफरमध्ये हलवत धुतले. ईडीसीशिवायचा साफ कोसळला. बांधलेलाही थोडा उतरला, पण टिकला. माझ्या मते हा धुण्याचा आकडा सोबत नसेल तर नुसत्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ग्लुकोज-करंटच्या, रेषेला फारशी किंमत नाही.

आता सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर, आलेय. तिथे ॲस्कॉर्बिक ॲसिड (क जीवनसत्त्व) स्वतःच करंट देतंय, म्हणून त्याला अडवायला वरून नॅफिऑन या ऋण भार असलेल्या पॉलिमरचा पातळ थर देऊन बघणं चालू आहे. थर जाड झाला की ग्लुकोजच आत शिरायला वेळ लावतं.