ट्रायक्लोरोइथिलीन घटले ते कशामुळे : माझा अनुभव

यंत्रभागांवरील वंगण धुण्यासाठी वापरलेले ट्रायक्लोरोइथिलीन जमिनीत मुरून भूजलात उतरले होते, अशा एका जागेचे काम माझ्याकडे आले. उगमापासून प्रवाहाच्या दिशेने पुढे जावे तसतसे निरीक्षण विहिरींतील त्याचे प्रमाण घटत होते, परंतु ते जिवाणूंनी मोडले म्हणून घटत होते की स्वच्छ पाण्यात मिसळून नुसतेच विरळ होत होते, हे त्या आकड्यांवरून ठरत नव्हते. म्हणून आम्ही कार्बनच्या स्थिर समस्थानिकांकडे, म्हणजे वजनाने वेगळ्या पण किरणोत्सर्गी नसलेल्या त्याच्या अणुप्रकारांकडे वळलो.

निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का अणू कार्बन-१३ चे असतात. हलक्या कार्बन-१२ चे बंध किंचित लवकर तुटतात, त्यामुळे जिवाणूंच्या विघटनानंतर मागे उरलेल्या प्रदूषकात कार्बन-१३ चे कार्बन-१२ शी गुणोत्तर वाढते, म्हणजे ते जड होत जाते. विरळ होण्याने मात्र हे गुणोत्तर बदलत नाही.

पहिल्या फेरीतील बरेचसे नमुने आमच्याच चुकीने वाया गेले. ४० मिलिलिटरच्या कुप्या बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरल्या, थंडही ठेवल्या. पण काहींत हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे राहिले. सामू २ च्या खाली आणला नाही, तर जिवाणू कुपीतही काम चालू ठेवतात आणि मोजमाप विहिरीचे न राहता कुपीचे होते. ते आकडे मी अहवालात घेतले नाहीत.

हे गुणोत्तर ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा हजारात किती कमी-जास्त आहे, तसे ते मांडतात; मूल्य जितके कमी उणे, तितका पदार्थ जड. दुसऱ्या फेरीत उगमाजवळ ट्रायक्लोरोइथिलीनचे उणे ३० प्रति हजार असलेले मूल्य मधल्या विहिरीत उणे २४ आले. अशा मोजणीतील अनिश्चितता साधारण ०.५ असते आणि २ पेक्षा लहान फरकाला मी पुरावा मानत नाही. येथे तो ६ होता, म्हणजे विघटन निश्चित होते. किती, हे सांगणे मात्र अवघड गेले. मूल्यातील बदलावरून विघटनाचे प्रमाण काढणाऱ्या रेले समीकरणात समृद्धी गुणांक, म्हणजे विघटनात हलका कार्बन किती जास्त वेगाने मोडतो याचे माप, उणे ५ धरला तर ७१ टक्के विघटन निघते, उणे १५ धरला तर ३४. ट्रायक्लोरोइथिलीनचे हे गुणांक जिवाणूंनुसार फार बदलतात, म्हणून एकच आकडा देण्याचा आग्रह होऊनही मी दोन्ही टोके दिली. शिवाय वेगवेगळ्या वाटांनी आलेले पाणी विहिरीत एकत्र होत असल्याने हे समीकरण सहसा विघटन कमीच दाखवते.

तरीही माझी खरी काळजी पुढच्या पायरीची होती. ट्रायक्लोरोइथिलीनपासून सिस-डायक्लोरोइथिलीन, त्यापासून कर्करोगकारक व्हिनाइल क्लोराइड आणि अखेरीस निरुपद्रवी इथीन तयार होते. डिहॅलोकोकॉइडिससारखे जिवाणू नसतील तर ही साखळी अनेकदा मध्येच अडकते. नव्याने तयार झालेले सिस-डायक्लोरोइथिलीन हलके असते, आणि ते पुढे मोडले नाही तर सर्व ट्रायक्लोरोइथिलीन संपल्यावरही त्याचे मूल्य फार तर मूळच्या उणे ३० पर्यंत चढते. सर्वांत दूरच्या विहिरीत ते उणे २१ आले. उगमापेक्षाही जड, म्हणजे तेही मोडत होते! तो कागद हाती आल्यावर मी प्रत्येक आकडा पुन्हा तपासला, कारण पाणी उपसून शुद्ध करण्याची योजना पुढे ढकलायची की नाही, हे यावर ठरणार होते.

त्या विहिरीत व्हिनाइल क्लोराइड अजून सापडते. म्हणून योजना रद्द न करता मी आणखी चार फेऱ्या मागितल्या आहेत, आणि त्यांत व्हिनाइल क्लोराइड व इथीन या दोहोंचीही समस्थानिक मोजणी होणार आहे.