बारा मैलांची फट

टॅबलेट तापून बंद पडला म्हणून आम्ही विमान मागे वळवलं, की मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे म्हणून वळवलं? आठवडा झाला, मला नक्की सांगता येत नाहीये. काकांनी विचारलेलं नाही. विचारतील असंही वाटत नाही. त्यांच्या लेखी ट्रिप मस्त झाली.

काका म्हणजे माझे विद्यार्थी. वयाने माझ्या वडिलांएवढे. आयुष्यभर इथे अमेरिकेत इंजिनिअरिंग केलं आणि निवृत्तीनंतर प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. गाडीत मी त्यांना काका म्हणते, ते मला 'अगं'. विमानात मात्र मी 'माय कंट्रोल्स' म्हटलं की त्यांनी योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंग, सोडायचा, एवढा करार आहे. चेकराइड, म्हणजे लायसन्सची उड्डाण-परीक्षा, पास झाल्यावर त्यांनी एका छोट्या सेस्ना 172 विमानात भागीदारी घेतली आणि म्हणाले, "अगं, नकाशाचं आणि हवामानाचं ॲप कुठलं घेऊ ते एकदा ठरवून दे. दोन महिने व्हिडिओ बघतोय, डोकं फिरलंय."

डोकं फिरणारच. त्या व्हिडिओंमध्ये सगळा वेळ थ्रीडी डोंगर आणि फिरणारं होकायंत्र दाखवतात. रडारचं चित्र किती वाजताचं आहे हे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिकडे कॅमेरा वळलेला मी अजून पाहिलेला नाही.

माझी पद्धत वेगळी आहे. आधी हातात कुठलं यंत्र आहे ते बघायचं, कारण फोरफ्लाइट हे ॲप फक्त ॲपलवर चालतं, गार्मिन पायलट दोन्हीकडे, आणि अँड्रॉइडवाल्यांना अव्हारे फुकट मिळतं. काकांनी मला विचारायच्या आधीच आयपॅड आणून ठेवला होता, तोही नुसता वाय-फायचा. त्यात जीपीएस नसतं, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. नशिबाने एडीएस-बी रिसीव्हरला (जमिनीवरच्या टॉवरांकडून हवामान पकडणारी डबी) स्वतःचं जीपीएस असतं, तो जोडला आणि नकाशावर विमान आलं. मग घरात बसूनच एअरप्लेन मोड लावायचा आणि ठरलेला मार्ग उघडायचा. निम्म्या लोकांचा नकाशा इथेच कोरा होतो, कारण तो डाउनलोडच केलेला नसतो. सेक्शनल चार्ट, म्हणजे पायलटचा हवाई नकाशा, पूर्वी सहा महिने चालायचा, आता दर 56 दिवसांनी नवा येतो, तोही उतरवून घ्यावा लागतो. शेवटची परीक्षा गाडीच्या मागच्या सीटवर: खराब रस्ता, एक अंगठा, आणि 'सर्वांत जवळचं विमानतळ काढा'. तीनपेक्षा जास्त टिचक्या लागल्या की ते ॲप माझ्या यादीतून गेलं. हवेत धक्के बसत असताना मेन्यूत मेन्यू शोधणारा पायलट मी पाहिलाय. बघवत नाही.

या चाळणीतून दोन ॲप्स उरली. नावं घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष त्यांचा नव्हता. दोघांकडे हवामान एकाच रिसीव्हरमधून येत होतं. फरक एवढाच, की एक ॲप रडारच्या चित्राचं वय मिनिटांत लिहितं आणि दुसरं झुलू वेळ, म्हणजे पायलट वापरतात ती जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी). काकांना मिनिटं आवडली. "वजाबाकी कोण करत बसणार?" माझं मत उलट होतं. मिनिटं वाचली की माणूस निर्धास्त होतो. घड्याळाची वेळ दिसली की निदान थांबतो.

कारण ती मिनिटं फसवी असतात. जमिनीवरच्या नेक्सरॅड रडारला पावसाळी हवेत आकाश एकदा पूर्ण चाळायलाच चार ते सहा मिनिटं लागतात. मग अनेक रडारांची चित्रं गोळा होतात, जोडली जातात, आणि 978 मेगाहर्ट्झवरून आपल्यापर्यंत येतात. आसपासच्या भागाचं चित्र साधारण पाच मिनिटांनी बदलतं, अख्ख्या देशाचं पंधरा मिनिटांनी. पडद्यावरचं वय मोजलं जातं ते जोडकाम झाल्यापासून, रडारने ढग पाहिल्यापासून नव्हे. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी एनटीएसबीने 2012 मध्ये याच गोष्टीवर सुरक्षा इशारा काढला होता: खरं वय दिसतं त्यापेक्षा 15 ते 20 मिनिटांनी जास्त असू शकतं. मी हा इशारा प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावते. काकांनाही लावला होता.

त्या दिवशी दुपारी पश्चिमेला वादळी ढगांची रांग होती. ब्रीफिंग घेतलं, कन्व्हेक्टिव्ह सिग्मेट, म्हणजे वादळांचा अधिकृत इशारा, बघितलं आणि ठरवलं की लांबूनच बघायचं. निम्म्या वाटेवर वळायचं, काहीही झालं तरी. दोन्ही पडद्यांवर तीच रांग कशी दिसते ते बघणं एवढंच काम. जमिनीवर हवामानाचा पत्ता नव्हता, कारण एडीएस-बीचे टॉवर रेषेत दिसावे लागतात. वर चढल्यावर चित्रं आली. काकांचा टॅबलेट योकवर अडकवलेला, माझा जुना मांडीवर.

वळायची जागा आली तेव्हा काका म्हणाले, "बघ ना, मध्ये सरळ वाट आहे." खरंच होती. दोन लाल गाठींच्या, म्हणजे जोरदार वादळांच्या, मध्ये स्वच्छ फट, बोटांनी मोजली तर बारा मैल. त्यांच्या पडद्यावर वय चार मिनिटं. माझ्या पडद्यावर झुलू वेळ. ती मी वाचली. वजाबाकी केली नाही.

मी लगेच 'नाही' म्हणाले नाही, तेच मनातून जात नाहीये. तीव्र वादळापासून निदान 20 मैल लांब राहा, असं अमेरिकेच्या विमान-नियामकाचं, एफएएचं, मार्गदर्शन आहे. म्हणजे दोन गाठींमधून जायचं तर 40 मैलांची वाट हवी. हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आपोआप चालतो. आणि तरी बारा मैलांच्या त्या फटीकडे बघून माझ्या मनात आलं, 'थोडं पुढे जाऊन बघू.' पलीकडे निळं आकाश असेल असं मला दिसत होतं. पडद्यावर.

तेवढ्यात काकांचा पडदा काळा झाला. आयपॅडसाठी बाहेरचं तापमान 35 अंशांपर्यंतच ठीक, असं ॲपल सांगतं. तो विंडशील्डमधून येणाऱ्या उन्हात तासभर योकवर भाजत होता. थर्मामीटरचं चित्र, आणि थंड होऊ द्या असा निरोप. काका त्याच्यावर फुंकर मारायला लागले. खरंच, फुंकर! मला हसू आलं, मी मान वर केली आणि समोर बघितलं.

समोर फट नव्हती. खालपासून वरपर्यंत राखाडी भिंत होती. डावी गाठ आणि उजवी गाठ असा भेदच उरला नव्हता. खालचा काठ काळा, आणि त्यात एकदा वीज आतूनच पिवळी होऊन गेली. माझ्या मांडीवर मात्र फट अजून तशीच, स्वच्छ.

"माय कंट्रोल्स," मी म्हणाले. काकांनी योक सोडला. परतीच्या वाटेवर ते टॅबलेट एसीच्या झोताखाली धरावा तसा एअर व्हेंटसमोर धरून बसले होते.

उतरल्यावर मी इंटरनेटवरून त्या दुपारच्या रडारची स्कॅनवार चित्रं काढून बसले. आम्ही बघत होतो ते आकाश जवळपास तेरा मिनिटांपूर्वीचं होतं. रांग 35 नॉट्सने (तासाला 35 नॉटिकल मैल) सरकत होती, म्हणजे तेरा मिनिटांत साडेसात नॉटिकल मैल. आणि नुसती सरकली नव्हती, मधल्या रिकाम्या जागेत नवा ढग उभा राहिला होता. आम्ही 'वाट' म्हणत होतो तेव्हा ती जवळजवळ मिटलेली होती. हे सगळं मी काकांना बसवून, चित्रं पुढे-मागे करून दाखवलं. त्यांनी इंजिनिअरसारखं मन लावून ऐकलं, दोन चांगले प्रश्न विचारले. "म्हणजे तू वेळेवर वळलीस," म्हणाले. मी 'हो' म्हणाले.

ॲप शेवटी झुलू वेळेवालं घेतलं, माझ्या सांगण्यावरून. काल रात्री त्यांचा मेसेज आला. सोबत फोटो: टॅबलेटची नवी केस, मागे दोन छोटे पंखे बसवलेली. खाली लिहिलं होतं, "आता कितीही ऊन असलं तरी बंद पडणार नाही बघ."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.