दोन महिने पांढरी प्लेट – एएचएल शोधतानाचा माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला बाजारातल्या माशावरून काढलेला एरोमोनास हायड्रोफिला हा बॅक्टेरिया मिळाला होता. तो एएचएल, म्हणजे बॅक्टेरिया एकमेकांना निरोप धाडायला वापरतात तो रेणू, सोडतो का एवढंच बघायचं. पद्धत ऐकायला पोरखेळ. क्रोमोबॅक्टेरियम नावाच्या बॅक्टेरियाचा सीव्ही०२६ हा म्युटंट (जनुक बदललेला प्रकार) स्वतः एएचएल बनवत नाही, पण बाहेरून मिळालं की जांभळा होतो. अगारमध्ये (जेलीसारखं खाद्य) तो मिसळून प्लेट ओता, त्यात वेल म्हणजे छोटं गोल भोक पाडा, सुपरनेटंट (वाढलेल्या कल्चरमधून बॅक्टेरिया काढून उरलेलं द्रव) भरा, सकाळी वेलभोवती जांभळी कडी.

माझ्या प्लेटवर दोन महिने काहीही नाही. विकतच्या सी६ स्टँडर्डभोवती (सहा कार्बनची साखळी असलेलं शुद्ध एएचएल) झकास जांभळं, माझा वेल ढिम्म. मॅडम म्हणाल्या कंटॅमिनेशन असेल, म्हणून कल्चर पुन्हा प्युअर केलं, मीडिया नवीन केला, सुपरनेटंट ५० ऐवजी १०० मायक्रोलिटर टाकलं, तरी तेच, आणि रोज सकाळी इनक्युबेटर उघडताना पोटात गोळा. डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे तोच बॅक्टेरिया सीव्ही०२६ च्या शेजारी प्लेटवर नुसता रेघ ओढून लावला की जांभळट यायचं! म्हणजे माल बनतोय, फ्लास्कमध्ये गायब होतोय.

शेवटी पीएचडीवाल्या दादाने विचारलं, "पीएच बघितलास का?" नव्हता बघितला. पट्टी बुडवली तर साडेआठ. एलबीमध्ये (नेहमीचं द्रव खाद्य) वाढताना बॅक्टेरिया अमिनो ॲसिड खातात, अमोनिया सोडतात, मीडिया अल्कलाइन होतो आणि एएचएलचं लॅक्टोन रिंग, म्हणजे रेणूतलं कडं, उघडून जातं, मग सेन्सर, म्हणजे सीव्ही०२६, त्याला ओळखत नाही. त्यात माझं सी४, चार कार्बनच्या आखूड साखळीचं, ते सगळ्यात आधी उघडतं, आणि मी ३७ डिग्रीला रात्रभर शेकवत होतो! स्वतःचाच राग आला. खात्री म्हणून जुनं सुपरनेटंट एचसीएलने पीएच २ ला आणून रात्रभर ठेवलं (रिंग परत बंद होतं), न्यूट्रल करून वेलमध्ये टाकलं, आणि सकाळी फिकट पण जांभळी कडी. मी प्लेट घेऊन कॉरिडॉरभर फिरलो.

नंतर एलबीत पीएच स्थिर ठेवणारा ५० मिलिमोलर मॉप्स बफर घातला, ३० डिग्रीला वाढवलं, लॉग फेज (झपाट्याने वाढायचा टप्पा) संपता संपता काढलं. सी१८ टीएलसीवर (रेणू वेगळे करून ओळखायची लेपाची प्लेट) ठिपका सी४ स्टँडर्डच्या ओळीत आला, ते काम एका आठवड्यात झालं.

हो, सीव्ही०२६ ला पण ३७ ला ठेवू नका, २८-३० बास. इथाइल ॲसिटेटने काढत असाल तर काचेचीच भांडी, पॉलीस्टायरीन त्यात विरघळतं, आणि सॉल्व्हंट पूर्ण उडवा नाहीतर लॉन (प्लेटभर वाढलेला सीव्ही०२६ चा थर) मरून पारदर्शक गोल दिसतो, नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल वेल ठेवाच. लांब साखळीचं एएचएल असेल तर सीव्ही०२६ जांभळा होणारच नाही, त्याला ॲग्रोबॅक्टेरियम एनटीएल४ हा दुसरा सेन्सर बॅक्टेरिया घ्या, एक्स-गल हे रंग देणारं रसायन घातलेल्या प्लेटवर निळं येतं. माझ्या शेजारच्या बेंचवरची पोरगी याच कारणाने महिनाभर अडकली होती, तिला मी काय सांगणार, मला माझाच पीएच माहीत नव्हता.