दोन सेकंदांचं आंदोलन

गणपती पेठेतल्या माझ्या दुकानाचं शटर वर करतोय तोवर काका रिक्षातून उतरले. काखेत चादरीत गुंडाळलेला रोलँडचा एसएच-१०१ सिंथेसायझर. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत काकांनी तो गावोगावच्या जत्रांत वाजवला. हे मॉडेल १९८२ चं, ३२ पट्ट्या, स्वर तयार करणारा ऑसिलेटर एकच.

"बिघडलेला नाही रे. ह्याला अजून एक झोका बसवून दे."

काकांचं म्हणणं मला लगेच कळलं. सिंथमध्ये एलएफओ नावाचं सर्किट असतं. त्याचा स्वतःचा आवाज येत नाही, ते स्वराला नाहीतर आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरला संथपणे झुलवतं. एसएच-१०१ मध्ये असा एलएफओ एकच, आणि ठरवलेले स्वर आपोआप ओळीने वाजवणाऱ्या सिक्वेन्सर-अर्पेजिओची लयही तोच धरतो. म्हणजे लय वाढवली की कंपही वाढणार. काकांना कोमल गंधार सिक्वेन्सरवर जलद ठोक्यांत वाजवायचा होता, पण झुलायला हवा होता तो दरबारी रागातल्या गंधारासारखा संथ; गाण्यात ह्या झुलण्यालाच आंदोलन म्हणतात. एका एलएफओवर दोन्ही जमणं शक्यच नाही.

मी एकच अट घातली: मूळ केसला भोक पाडणार नाही, आतल्या बोर्डवरचा तांब्याचा एकही ट्रॅक कापणार नाही. चाळीस वर्षं टिकलेल्या यंत्रावर आपण जे बसवतो ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे. काका अडॅप्टरवरच वाजवतात, त्यामुळे सहा सेलची जागा रिकामीच होती. बोर्ड तिथे ठेवायचा आणि दोन नॉब वायरीने बाहेर काढून छोट्या डबीत बसवायचे, असं ठरलं.

सर्किट साधं आहे. आठ पायांच्या एका आयसीत दोन ऑप-अँप, म्हणजे छोटे अँप्लिफायर, असतात. पहिला कपॅसिटर भरत-रिकामा करत राहतो, दुसरा ठरलेल्या पातळीवर पोचताच दिशा उलटवतो. पहिल्यातून त्रिकोणी लहर मिळते. १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर (इथे कपॅसिटरवरचं व्होल्टेज उलटसुलट होतं, साधा इलेक्ट्रोलिटिक चालत नाही) आणि वेग बदलायला १ मेगाओहमचा पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा रेझिस्टर, घेतला. अगदी संथ ठेवला तर एका झोक्याला जवळजवळ दोन सेकंद, जलद केला तर सेकंदाला अकरा झोके. स्वराची उंची ठरवणाऱ्या व्होल्टेजमध्ये ही लहर आधी १ मेगाच्या रेझिस्टरमधून सोडली तर भोंग्यासारखा आवाज वर-खाली जाऊ लागला. ४.७ मेगा लावल्यावर झोका ताब्यात आला.

पण आवाज ऐकला आणि पोटात गोळा आला. झोक्याच्या दोन्ही टोकांना 'टिक' असा बारीक आवाज येत होता. शांत स्वरात तर तो फार टोचत होता. ग्राउंडची वायर बदलली, आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले. कमी झालं, गेलं नाही. दुपारचा डबा तसाच राहिला. मग लक्षात आलं की दिशा उलटताना दुसरा ऑप-अँप पुरवठ्यातून एकदम करंट ओढतो, आणि तो धक्का सप्लायमधून ऑडिओत उतरतो. मी टीएल०७२ वापरला होता. तो काढून त्याच बेसमध्ये टीएल०६२ बसवला. पाय तेच, करंट मात्र कितीतरी कमी. टिक बंद!

संध्याकाळी मिरजेहून चाचा आले. त्यांच्या घरात सतारी-तंबोरे करायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. काकांनी सांगितलं म्हणून सतारीच्या उरलेल्या लाकडातून त्यांनी नॉबसाठी डबी करून आणली होती, कडा इतक्या गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. काकांनी गंधार लावला. चाचा डोळे मिटून ऐकत राहिले, मग बोटाने हवेत एक टोकदार डोंगर काढला.

"वर गेल्यावर लगेच खाली पडतोय बघ. आंदोलनात स्वर टोकाला जरा थांबतो, मग वळतो."

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना केसभर फरक ऐकणारा तो कान. त्रिकोणी लहर म्हणजे तेच तर आहे, सरळ चढ आणि सरळ उतार. मी लहरीच्या वाटेत एक रेझिस्टर आणि एकमेकांना उलटे असे दोन १एन४१४८ डायोड टाकले. डायोड टोकं दाबून गोलसर करतात. लहरीची उंची घटून ०.६ व्होल्टच्या आसपास आली, म्हणून ४.७ मेगाच्या जागी ४७० के (किलोओहम) लावला. झोका पुन्हा तेवढाच झाला.

काकांनी सिक्वेन्सर चालू केला, लय वाढवत नेली. ठोके धावायला लागले आणि त्यांच्यातून गंधार दोन सेकंदांच्या लयीत वर जाऊन, थांबून, वळून खाली येत राहिला. चाचांनी मान हलवली. काकांनी लय आणखी वाढवली. गंधार तसाच संथ.

सेलच्या खणाचं मूळ झाकण मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख टाकली आणि काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते न बघताच शर्टाच्या खिशात कोंबलं. दुसरा हात डबीवरच्या नॉबवर होता.