रेघेची जाडी: मधल्या पट्ट्याच्या नकाशाची पाचवी नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की दोन राज्यांमधला पट्टा काढून झाला, आता फक्त गावांची नावं घालायची राहिली आहेत. तसं झालं नाही. गेल्या तीन महिन्यांत तो अख्खा पट्टा मी खोडला आणि नव्याने काढला. कल्पित मुलूख उभे करण्याचा नाद असलेल्या तुम्हा मंडळींना कारणं उपयोगी पडतील, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: उत्तरेला एक राज्य, दक्षिणेला दुसरं, आणि मध्ये निळाई आणि करडी या दोन नद्या. त्यांच्या बेचक्यातली जमीन कुणाचीच नाही. नकाशाचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर. नकाशासोबत याच पट्ट्यात घडणारी एक दीर्घकथाही चालू आहे: एक म्हातारा गुराखी आणि त्याची नात.

जुन्या पट्ट्यात दलदल होती, धुकं होतं, चकवा लावणारं रान होतं आणि रात्री हाका मारणारं काहीतरी होतं. तीन प्रकरणं लिहून झाल्यावर सलग वाचली, तर भीती कुठेच वाटेना. बराच विचार केल्यावर लक्षात आलं की दलदल टाळता येते. रान माहीत असलेला वाटाड्या सोबत घेतला की धोका संपला. अशी जागा अवघड म्हणता येईल, पण ती ‘मधली’ नव्हती. नकाशावर दुसरीकडे कुठेही उचलून ठेवली असती तरी ती तशीच राहिली असती.

मग इतिहासातल्या खऱ्या मधल्या जागा वाचायला घेतल्या, आणि पहिल्याच जागेने मला महिनाभर अडकवून ठेवलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेच्या पश्चिम टोकाला, एस्क आणि सार्क या नद्यांच्या आसपास, सुमारे १६ किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद असा एक मुलूख होता. त्याला नावच ‘डिबेटेबल लँड’, म्हणजे वादातली जमीन. माझ्याही पट्ट्याला दोन नद्या आहेत, त्यामुळे मी आधाशासारखं वाचत गेले. तिथली रीत अशी होती: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दोन्हीकडच्या लोकांनी गुरं खुशाल चारावीत. मात्र कायमचं घर बांधायचं नाही आणि रात्री जनावर मागे ठेवायचं नाही. ठेवलंच, तर ते कुणीही हाकून न्यावं, त्यावर दाद मागता येणार नाही.

म्हणजे तेच गवत, तीच गाय, तोच गुराखी. सूर्य बुडाला की सगळ्याचा अर्थ बदलतो. धोका चिखलात नव्हता, धोका घटकेत होता.

पुढे सोळाव्या शतकात लोक तिथे बेधडक राहायला लागले. आर्मस्ट्राँग, ग्रॅहम अशा घराण्यांनी बुरूज बांधले. तेव्हा १५५१ साली दोन्ही बाजूंच्या सीमा-अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की या जमिनीत जो राहील त्याला लुटायला, जाळायला, मारायला दोन्हीकडचे लोक मोकळे आहेत, त्याबद्दल कुणाकडे तक्रार चालणार नाही. हे वाचून मी वही मिटून ठेवली होती. ‘तिथे कायदा पोचत नव्हता म्हणून ती जागा भयंकर’ असं आपण गोष्टीत सहज लिहून टाकतो. इथे कायदा पोचला होता, शब्दाशब्दात पोचला होता, आणि त्यानेच माणसांना उघड्यावर टाकलं होतं. दुसऱ्याच वर्षी, १५५२ साली, फ्रेंच राजदूताच्या मध्यस्थीने जमिनीची वाटणी झाली. दोन समांतर चर खणून त्यांची माती मध्ये टाकली आणि सुमारे साडेपाच किलोमीटरचा बांध घातला.

हे वाचल्यावर माझ्या नकाशातली दलदल गेली. पट्ट्यात आता सगळ्यात चांगलं कुरण आहे, म्हणजे तिथे जायला कारण आहे. आणि नियम एकच: सूर्य असेपर्यंत.

आता नकाशा काढणाऱ्यांना आवडेल असा भाग. ‘सूर्यास्त’ म्हणजे कुठून पाहिलेला सूर्यास्त? माझ्या पट्ट्याच्या पश्चिमेला एक डोंगरधार आहे. समोच्च रेषा मोजल्या: नदीच्या उतारापासून, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या उथळ जागेपासून, धार २ किलोमीटर लांब आणि २४० मीटर उंच. म्हणजे उतारावर उभ्या असलेल्या माणसाला ती जवळजवळ ७ अंश वर दिसते. सूर्य मावळतीला झुकताना तेवढे अंश उतरायला साधारण अर्धा तास लागतो. टोकदार पेन्सिलीने मी सावलीची कड काढत गेले: संध्याकाळ होत जाते तशी ती नदी ओलांडते, कुरणावरून सरकते आणि उत्तरेच्या बुरुजाच्या पायथ्याशी थांबते. बुरुजाच्या माथ्यावर अजून ऊन आहे. दक्षिणेचे शिपाई उताराशी उभे आहेत, त्यांच्या लेखी रात्र झाली. उत्तरेचे बुरुजावर आहेत, त्यांच्या लेखी दिवस आहे. तो अर्धा तास माझ्या कथेचा गाभा झाला. म्हाताऱ्याची एक गाय उताराला अडून बसते आणि सावली तिच्या शिंगांपर्यंत येते, असं पाचवं प्रकरण आता नव्याने लिहिलंय.

हे करताना हिरण्यकशिपूची गोष्ट सारखी आठवत होती. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, असे एकेक दार लावत त्याने वर मागितला. मरण आलं ते संध्याकाळी, उंबरठ्यावर. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण नकाशाच्या नजरेने ती वेगळी दिसते. उंबरठ्याची ती धोक्याची जागा त्याच्या स्वतःच्या शब्दांनी तयार झाली. त्याने ‘आत’ आणि ‘बाहेर’ इतकं काटेकोर मागितलंच नसतं, तर उंबरठा नुसतं लाकूड राहिला असता. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली माणसाच्या आयुष्यातल्या स्थित्यंतरांवर लिहिताना मधल्या अवस्थेला नाव दिलं तेही उंबरठ्याला असलेल्या लॅटिन शब्दावरूनच. त्या सिद्धांतात मी फार शिरले नाही. मला हवं होतं ते हिरण्यकशिपूने दिलं होतं.

दुसरा शोध लागला तो पेनमुळे. सीमारेषा काढायला मी एक मिलिमीटरचं पेन वापरत होते, ठळक दिसावी म्हणून. मग जेरुसलेमच्या रेघेबद्दल वाचलं आणि हात थांबला. नोव्हेंबर १९४८ मध्ये युद्धबंदीसाठी इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल हे दोन बाजूंचे सेनाधिकारी बसले आणि दोघांनी आपापली आघाडी नकाशावर मेणाच्या जाड रंगीत पेन्सिलीने काढली. दोन रेघांमधली जमीन कुणाचीच नाही, इथवर ठीक. पण नकाशा १:२०,००० प्रमाणाचा आणि रेघ ३ ते ४ मिलिमीटर जाड. हिशेब करा: जमिनीवर ६० ते ८० मीटर. शहरात ८० मीटरमध्ये एक गल्ली आणि दोन्ही बाजूंची घरं मावतात. त्या घरांवरून रेघ गेली नव्हती, ती घरं रेघेच्या आत होती. मग रेघेची जाडी कुणाची, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालले.

त्याच शहरातली एक घटना माझ्या मनातून जात नाही. १९५६ साली सीमेला लागून असलेल्या एका इस्पितळात एक रुग्ण खिडकीतून वाकली, खोकला आला आणि तिची कवळी खाली पडली. खाली म्हणजे कुणाच्याच नसलेल्या जमिनीत. ती शोधायला जायचं तर दोन्हीकडची परवानगी हवी. शेवटी संयुक्त राष्ट्रांचा निरीक्षक आणि पांढरं निशाण सोबत घेऊन ख्रिस्ती जोगिणी (नन) खाली उतरल्या, दगडमाती उपसली आणि कवळी सापडली. हातात कवळी धरलेल्या जोगिणीचं छायाचित्रही आहे. पट्टा किती भयंकर आहे हे सांगायला माझी तीन प्रकरणं कमी पडली होती, आणि इथे एका कवळीने ते सांगितलं. तेव्हापासून मी कथेत प्रत्येक वस्तूला विचारते: ही पट्ट्यात पडली तर परत आणायला किती माणसं लागतील?

नकाशाकडे परत. माझी एक मिलिमीटरची रेघ म्हणजे ५० मीटर. मी ती नुसती बारीक करणार होते, पण मग वाटलं की रेघ काढणारा हात माझा का असावा? दोन्ही राज्यांचे नकाशे त्या-त्या राज्याच्या नकाशाकाराने काढायला हवेत. म्हणून ट्रेसिंग पेपरवर दोन वेगळे नकाशे काढले. उत्तरेचा नकाशाकार सरळ रेघ आखणारा आहे, एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत. दक्षिणेचा माणूस पाण्याने चालतो, ओहोळ जिथे वळेल तिथे सीमा वळेल. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवले.

तिघी बहिणींसारख्या तीन जागा उजेडात दिसल्या. दोन ठिकाणी सीमा एकमेकींवर चढल्या होत्या, तिथली जमीन दोघांचीही. आणि एका ठिकाणी, निळाईच्या वळणावर, मध्ये कोरा कागद राहिला होता. तो कुणालाच नको होता. हे मी ठरवून केलं नव्हतं, पण जगात हे खरोखर घडलेलं आहे. इजिप्त आणि सुदानमध्ये १८९९ सालची सीमा २२ व्या अक्षांशाने सरळ जाते, तर १९०२ सालची प्रशासकीय रेघ वळणावळणाची आहे. इजिप्त पहिली मानतो, सुदान दुसरी. त्यामुळे समुद्राकाठचा हलाइब त्रिकोण दोघांनाही हवा आहे, आणि बिर ताविल नावाचा सुमारे २,०६० चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा दोघांपैकी कुणीच मागत नाही. कारण बिर ताविल मागायचा तर हलाइबवरचा हक्क सोडावा लागतो. माझ्या वळणावरच्या कोऱ्या तुकड्यालाही असंच कारण दिलंय: जो तो मागेल, त्याच्या हातून वरचा घाट जाईल.

पट्ट्यात माणसं राहतात का, या प्रश्नावर मी अजून पक्की नाही. कोरियातल्या निर्लष्करी पट्ट्याने मात्र बरंच शिकवलं. १९५३ च्या युद्धबंदीत आखलेला, सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद. त्याच्या आत दक्षिणेच्या बाजूला देसाँगडाँग नावाचं एक गाव आहे. गावकऱ्यांना कर माफ, सक्तीची लष्करी सेवा माफ. पण रात्री संचारबंदी असते, आणि वर्षातले ठरावीक दिवस गावात मुक्काम केला नाही तर गावकीचा हक्क जातो. सवलत आणि भीती एकाच दस्तऐवजात. याच पट्ट्यातल्या पानमुनजाँमला १८ ऑगस्ट १९७६ रोजी, निरीक्षणाच्या आड येणारं एक पॉप्लरचं झाड छाटण्यावरून झटापट झाली आणि दोन अमेरिकी अधिकारी मारले गेले. तीन दिवसांनी ते झाड तोडायला मोठं सैन्यबळ सज्ज ठेवावं लागलं. एका झाडासाठी. माझ्या नकाशावर पट्ट्यात मी बेफिकिरीने तेहतीस झाडं काढली होती. आता तीनच आहेत, आणि तिन्ही कुणाच्या तरी नजरेच्या आड येतात.

हाका मारणारं ते ‘काहीतरी’ काढून टाकलं होतं, ते वेगळ्या रूपात परत घेतलंय. पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या जमिनीबद्दल सैनिकांमध्ये एक दंतकथा होती: सगळ्या सैन्यांतले पळपुटे तिथे जमिनीखाली एकत्र राहतात आणि रात्री बाहेर येऊन मेलेल्यांच्या अंगावरचं काढून नेतात. माझ्या पट्ट्यातली हाक आता अशीच अफवा आहे. दोन्ही तीरांवर ती सांगितली जाते, आणि प्रत्येक तीरावर हाकेची भाषा समोरच्यांची असते.

एक गोष्ट करून पाहिली आणि सोडली. बर्लिनमध्ये भिंतीच्या पश्चिम अंगाला सुमारे ४ हेक्टरचा एक त्रिकोण होता. कायद्याने तो पूर्वेचा, पण भिंतीच्या बाहेर राहिलेला. १९८८ च्या उन्हाळ्यात काही तरुणांनी तिथे वस्ती केली आणि पश्चिमेच्या पोलिसांना आत पाऊल टाकता येईना. १ जुलैला तुकडा कराराने पश्चिमेकडे आला, पोलीस शिरले, आणि जवळजवळ दोनशे जण शिड्या लावून भिंत चढून पूर्वेला उतरले. उलट दिशेने पलायन! मला हे इतकं आवडलं की कथेत तसाच प्रसंग घातला. दोनदा लिहिला. पण तो त्या शहराचा आहे, माझ्या कुरणात उपरा वाटला, म्हणून काढला. वहीत राहील.

आजची स्थिती: दोन्ही राज्यांचे नकाशे शाईने पक्के झालेत, ०.३ च्या पेनने, म्हणजे रेघ १५ मीटरची. उतारापाशी नदी ४० मीटर रुंद आहे, त्यामुळे रेघ पाण्यातच मावते. सावलीच्या कडा तीन ऋतूंसाठी काढायच्या आहेत, त्यातला उन्हाळा झाला. थंडीत सूर्य धारेच्या दक्षिण टोकामागे मावळतो. तिथे धार खुजी आहे, म्हणून तो अर्धा तास आकसून बारा-तेरा मिनिटांचा होतो. हिशेब पुन्हा तपासतेय, कारण शेवटचं प्रकरण थंडीतलं आहे आणि नातीला कुरणातून उतारापर्यंत यायला वीस मिनिटं लागतात. तुमच्यापैकी कुणी डोंगराच्या सावलीचं असं गणित आधी केलं असेल तर जरूर सांगा. तिच्या हातात कंदील द्यायचा की नाही, हे त्यावर ठरेल. दिला तर ती दोन्ही तीरांवरून दिसणार आहे.