मोनोंगाहेलाची फ्रेंच बाजू: 90 पैकी 44 फिगर्स पूर्ण

9 जुलै 1755 रोजी उत्तर अमेरिकेतील मोनोंगाहेला नदीकाठच्या जंगलात जनरल ब्रॅडॉकच्या ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडाला. त्या लढाईतील फ्रेंच बाजू टेबलावरच्या युद्धखेळासाठी 28 मिलिमीटर मापाच्या छोट्या सैनिक-पुतळ्यांत, म्हणजे फिगर्समध्ये, उभी करण्याचे काम मी गेल्या दिवाळीनंतर हाती घेतले. आजमितीस 44 फिगर्स रंगवून, वॉर्निश करून बेसवर पक्क्या बसवल्या आहेत आणि 46 बाकी आहेत.

संख्या कशी ठरवली ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. फोर्ट ड्यूकेन, म्हणजे आजचे पिट्सबर्ग, येथून त्या सकाळी निघालेल्या फौजेचे आकडे सहसा 36 अधिकारी, 72 नियमित सैनिक, 146 कॅनेडियन मिलिशिया (गरजेपुरते बोलावलेले नागरी लढवय्ये) आणि 637 मूलनिवासी योद्धे असे दिले जातात. एका फिगरमागे दहा माणसे धरली, तर अनुक्रमे 4, 7, 15 आणि 64 अशा 90 फिगर्स होतात. फ्रेंच सैन्य करायचे म्हटले की आपला हात आपोआप गणवेशातल्या सैनिकांच्या पाकिटाकडे जातो, कारण ते लवकर रंगवून होतात आणि रांगेत देखणे दिसतात. मात्र या लढाईत गणवेशातले नियमित सैनिक दहात एकही नव्हते. ज्यांनी ती प्रत्यक्ष लढली आणि जिंकली, ते टेबलावरही बहुसंख्येने दिसले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

नियमित सैनिक, म्हणजे फ्रान्सच्या नौदल खात्याच्या अखत्यारीतील ‘काँपानी फ्रांश द ला मारीन’, सातही झाले. त्यांचा कोट राखाडी झाक असलेल्या पांढऱ्या लोकरीचा आणि बाह्यांची दुमड निळी असे. मोहिमेवर कोट मागे ठेवून निळ्या बंडीवरच निघण्याची रीत असल्यामुळे दोनच फिगर्सना कोट दिला आहे. मिलिशियाला गणवेश नव्हता. त्यांच्या विणलेल्या टोप्यांचे रंग जिल्ह्यानुसार, म्हणजे माँट्रियलचा निळा, क्वेबेकचा लाल आणि त्र्वा-रिव्हिएरचा पांढरा, असे परंपरेने सांगितले जातात. मी तीच वाटणी ठेवली असून पंधरापैकी अकरा पूर्ण आहेत.

खरा वेळ योद्ध्यांना लागतो आहे आणि तो लागावा असेच मला वाटते. ओटावा, ओजिब्वे, पोटावाटोमी, वायंडॉट, शॉनी, डेलावेअर अशा अनेक राष्ट्रांचे लोक तिथे होते. त्यामुळे एकच रंगसंगती ठरवून वीस फिगर्स ओळीने उरकण्याची पद्धत येथे लागू पडत नाही. व्यापारातून आलेला लिननचा सदरा, निळ्या किंवा लाल बनातीचा लंगोट आणि पायांवर त्याच बनातीचे आवरण असा त्यांचा वेश असे. ही बनात इंग्लंडमधील स्ट्राउड भागातून येई. बनात हा शब्द आपल्या पेशवेकालीन कागदांतही भेटतो, त्यामुळे ती रंगवताना मला परकेपणा वाटत नाही. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूलनिवासी घोडेस्वारांचे लांब पिसांचे मुकुट या लढाईत शोभणार नाहीत, म्हणून तशी डोकी असलेल्या फिगर्स मी घेतल्याच नाहीत. त्वचेसाठी लालसर तयार रंग बाजूला ठेवून मध्यम तपकिरीत किंचित गेरू मिसळला, त्यावर पातळ वॉश (खोलगट भागांत उतरणारा पाण्यासारखा रंग) दिला आणि गालाची हाडे, नाक व खांदे पुन्हा उजळले.

चेहऱ्यावरचे रंग सर्वांत शेवटी येतात. त्यांचा लाल रंग हिंगुळाचा असे, म्हणून शेंदरी छटा टाळून किंचित गडद लाल निवडला. एका योद्ध्याचा चेहरा नाकाच्या रेषेपासून उजवीकडे पूर्ण लाल आणि डावीकडे काळा केला आहे. दोन्ही रंग जिथे भेटतात ती रेघ शून्य नंबरच्या ब्रशने ओढताना श्वास रोखून धरावा लागला आणि तिसऱ्या प्रयत्नात ती सरळ आली. असे 22 चेहरे झाले असून कोणतेही दोन सारखे नाहीत.

जुलैमध्ये एक नुकसान झाले. पावसाची झड असताना गॅलरीत मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि सहा फिगर्सवर पांढुरके धुके बसले, त्यात वरचा लाल-काळा चेहराही होता. हवेतील दमटपणा हेच त्याचे कारण होते. दोन दिवस पूर्ण वाळू दिल्यावर ब्रशने ग्लॉस वॉर्निशचा पातळ थर दिला, तेव्हा रंग पुन्हा वर आले, आणि त्यावर ब्रशनेच मॅट लावले. पावसाळा संपेपर्यंत स्प्रे बंद ठेवला आहे. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनीही तसेच करावे.

बेससाठी गाळून, धुऊन, उन्हात वाळवलेला चहाचा चोथा वापरतो. ओक आणि हिकरीच्या जुन्या जंगलात उन्हाळ्यातही जमिनीवर तपकिरी पाचोळाच असतो आणि हा चोथा तसाच दिसतो. पडलेल्या ओंडक्यांसाठी जास्वंदीच्या वाळक्या काड्या घेतल्या, कारण योद्धे झाडाआड आणि ओंडक्याआड राहूनच लढले.

अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन बोझ्यू मी मनापासून रंगवला आहे. अंगावर मूलनिवासी पद्धतीचा वेश आणि गळ्यात अधिकाऱ्याची चंद्रकोरीसारखी पट्टी, असे त्याचे वर्णन केले जाते. लढाईच्या आरंभीच तो गोळी लागून पडला आणि कॅप्टन ड्युमाने सूत्रे हाती घेतली. म्हणून आमच्या खेळाच्या नियमांत, बोझ्यू पडल्यास फक्त मारीन आणि मिलिशियाने धैर्याचा फासा, म्हणजे तुकडी टिकते की कच खाते हे ठरवणारा फासा, टाकायचा असे ठरवले आहे. योद्धे आपापल्या प्रमुखांच्या मागे असल्यामुळे त्यांना तो लागू नाही. दोन चाचणी डावांत हा नियम चांगला चालला.

आता 42 योद्धे आणि चार मिलिशिया उरले आहेत. आठवड्याला तीन या गतीने साधारण चार महिने लागतील. त्यानंतर ब्रॅडॉकची सुमारे 1,300 माणसांची आघाडीची फौज त्याच प्रमाणात 130 फिगर्समध्ये करायची आहे. 44 व्या रेजिमेंटची पिवळी आणि 48 व्या रेजिमेंटची कमावलेल्या कातड्यासारखी फिकी दुमड लाल कोटावर वेगळी ओळखू यावी, यासाठी दोन्ही छटांचे नमुने काल एका जुन्या फिगरच्या दोन बाह्यांवर लावून पाहिले. पिवळा बरोबर आहे, फिका अजून थोडा गडद करावा लागेल.