टॉवेलाखालची गोष्ट

आमच्या घरी दोरीवर कपडे घालायची ठरलेली रीत होती. आधी ब्रा, मग तिच्यावर टॉवेल. टॉवेल अर्थातच सोलापुरी, बाबांच्या कारखान्यातला, सेकंड निघालेला. ऊन सगळं टॉवेल खायचा, ब्रा संध्याकाळी हाताला दमटच लागायची.

तीच दमट वस्तू कशी बनवतात, हे शिकायला मी इंग्लंडमधल्या लेस्टरला आलेय. इथल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात काँटूर फॅशन नावाचा अभ्यासक्रम १९४७ पासून चालू आहे. अंतर्वस्त्रं, स्विमसूट, असलं अंगालगतचं सगळं त्यात येतं. आई शेजारीपाजारी 'टेक्स्टाइल' सांगते. खोटं नाहीच ते.

पहिल्या आठवड्यात एक ब्रा उसवायला दिली. टाके काढून कागदावर मांडले तर तीसहून जास्त तुकडे: कपाचे भाग, बाजूची जाळी, वायर, वायरची नळी, तीन जातींचं इलॅस्टिक, रिंगा, हूक. शर्टाला इतके लागत नाहीत. आणि मला कायम वाटायचं की वजन खांद्यावरच्या पट्ट्या उचलतात. तसं नसतं. मुख्य भार छातीखालचा पट्टा पेलतो. तो सैल असला की सगळं ओझं खांद्यावर येतं आणि पट्ट्या रुततात. आईच्या दोन्ही खांद्यांवर खळ्या आहेत. "बाळंतपणानंतर व्हतंच की," असं आत्या म्हणायची.

मापाचंही तेच. बी किंवा सी या अक्षराला एकट्याने अर्थ नाही. ३४ बी, ३२ सी आणि ३६ ए यांच्या कपात जागा साधारण सारखीच असते, बदलतो तो पट्टा. सोलापूरच्या चाटी गल्लीत आम्ही जायचो त्या दुकानात काका नजरेनंच माप घ्यायचे. "ताईंना छत्तीस दे रे," की झालं, वर्तमानपत्रात गुंडाळून पुडकं हातात. घालून बघायचा प्रश्नच नव्हता.

बाबांशी या विषयावर बोलणं होईल असं वाटलं नव्हतं. एकदा फोनवर सहज म्हणाले, "काय करलालीस आज?" मी म्हटलं, इलॅस्टिक ताणून शिवतेय, कुठे किती ताणायचं ते जमत नाहीये. मग पाऊण तास बोलत होते. टॉवेलाच्या मागावर दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ असतात, एकावरचा ताणा घट्ट, दुसऱ्यावरचा ढिला. ढिल्याचेच ते लूप होतात. "ताण सोडायचा कुठं, ते कळलं पाह्यजे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी काखेखाली इलॅस्टिक जरा जास्त ओढलं, पुढे कपाखाली जवळजवळ सोडलंच. बसलं! ब्रा हा शब्द त्या पाऊण तासात त्यांनी एकदाही उच्चारला नाही.

दृश्य संस्कृतीच्या तासाला आपापल्या गावातल्या जाहिराती आणायला सांगितल्या होत्या. मैत्रिणीने सोलापुरातून फोटो पाठवले. बनियनवाला पुरुष भिंतभर रंगवलेला, दंड फुगवून उभा. बाई मात्र खोक्यावर, तळहाताएवढी, गोरी, सोनेरी केसांची, आणि खोकं काउंटरखाली. इथल्या वर्गात सगळे हसले. मलाही हसू आलं, पण जरा रागच आला होता. यांच्या दुकानांच्या काचेतली बाई तरी कुठे कुणाच्या आईसारखी दिसते?

इथून रेल्वेने थोड्याच वेळात मार्केट हार्बरो नावाचं गाव लागतं. सिमिंग्टन कंपनीचा कॉर्सेटचा, म्हणजे बायकांची कंबर आवळणाऱ्या ताठ आतल्या कपड्याचा कारखाना तिथे होता, आता त्या इमारतीत म्युझियम आणि वाचनालय आहे. १९०८ साली या कंपनीने लिबर्टी बॉडिस काढली. कॉर्सेटमधल्या ताठ पट्ट्या काढून टाकलेली, मऊ कापडाची. कुणाच्या तरी लेकीने घातलेलं आतलं कापड हे लोक इतकं जपून ठेवतात, आणि १८७७ सालच्या आपल्या सोलापूरच्या जुन्या मिलचं एखादं लुगडं कुठे जपलेलं मी पाहिलेलं नाही. काचेसमोर उभी राहून मी हाच विचार करत होते.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला टेप घ्यायला लावला. बाबा पेपर उचलून गॅलरीत गेले. छातीखाली घट्ट, मग वरून सैल, दोनदा मोजून घेतलं. वर्षानुवर्षं ३८ बी घालणाऱ्या आईचं माप निघालं ३४ डीडी. तिने ते कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवलं आणि विचारलं, "हे चाटी गल्लीत मिळंल का गं?"

दोन शिवून पाठवल्यात. पार्सलवर आत काय आहे ते लिहावं लागतं, मी 'ब्रा, २ नग' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन.

"अगं, पोस्टमन वाचंल की!"